पूर्वेचा दरवाजा

हेरफर्डच्या बसची वाट बघत माझ्या पुढे म्हातारे बहीणभाऊ उभे होते. किल्ल्याच्या उरल्यासुरल्या मातीच्या बांधावरचा चिखल त्यांच्या बुटांना लागला होता.

“एनिड, पाटी वाचलीस? बांधातलं खिंडार म्हणजे म्हणे किल्ल्याचा पूर्व दरवाजा!”

“आठशे वर्षांपूर्वीचा.”

“कसली आठशे? बाबांनी ट्रॅक्टरने फोडलाय तो बांध, माझ्यादेखत.”

“हळू बोल, क्लाइव्ह.”

“का हळू? पत्रच लिहितो त्या पाटीवाल्यांना.”

“लिही. पण का फोडला, तेही लिही.”

“आईसाठी. गवत कापणीला चहाची किटली घेऊन यायची, तर अख्ख्या बांधाला वळसा. गुडघे धरून बसायची बिचारी.”

“बस आली बघ. मग, लिहिणार?”

“राहू दे. दरवाजा तर आहेच. पाटीवर फक्त आईचं नाव लिहायचं राहिलंय.”