लांब सांगणारी डाक्टरीण

बहात्तरचा दुष्काळ सरला तवा राणीसावरगावात एक सखू होती, तिची तापानं फणफणलेली लेक मंजी होती. ती सखू म्हंजे मीच. दवाखान्याच्या वाटेत ज्याला इचारावं तो म्हणायचा, “आलंच की, त्या लिंबापलीकडं!” आपल्यात चालत्या माणसाला लांब सांगत न्हाईत. माझा थोरला ल्योक असंच “आलंच” ऐकत ऐकत माझ्या खांद्यावरच गेला होता.

दवाखान्यात इंग्रज डाक्टरीण होती. मी म्हणलं, “बाई, उद्यापतूर होईल न्हवं बरी?”

“नाही. अजून लांब जायचं आहे. इंग्रजीत आम्ही दुखण्यातून बरं होण्याची पण वाट मोजतो. दोन महिने लागतील.”

मी ढसाढसा रडले. पण खरं सांगणारं पयलंच माणूस भेटलं होतं, म्हणून तिथंच ऱ्हायले.

दोन महिन्यांनी मंजी माझ्या म्होरं पळत घरी आली.