भिंतीवरची चौधारी

मंडळी, सगळे आलात, बरं झालं. भाभी, तुम्ही बसूनच राहा. मला भाषण येत नाय, अन् आज तर तोंडच उघडू नये असं वाटतंय. पण सहा वर्षं एक गोष्ट पोटात ठेवलीय. आज नाय बोललो, तर मग कधी?

सलीमभाईंची अन् माझी भिंत एकच. कंपनीतून रिटायर झाल्यावर त्यांनी भिंतीलगत एक वेल लावला. चौधारीचा. शेंगेला चार कडा, झालर लावल्यासारख्या. फूल फिकट निळं. पानं, फुलं, शेंगा, सगळं खाता येतं म्हणायचे. कोकणातल्या मित्रानं पाच बिया दिल्या होत्या, त्यातली एकच उगवली.

वेल भिंत चढून माझ्याकडं आला. आषाढ गेला, श्रावण सरत आला. नुसती पानं! मी रोज चिडवायचो, "सलीमभाई, शेंग कुठवर आली?"

"येईल हो, विलासराव."

गणपतीआधी मला भिंत रंगवायची होती. ते वेरूळला लेकीकडं गेलेले. विचारलं का मी? नाय विचारलं. भिंतीवरून त्यांच्या अंगणात उतरलो अन् वेल मुळासकट उपटला.

संध्याकाळी ते आले. ढीग बघितला. कोवळी पानं खुडून घरात गेले अन् तासाभरानं वाटी घेऊन माझ्या दारात. पीठ पेरलेली भाजी.

"खाऊन बघा, लई चांगली झालीय." मग हळूच म्हणाले, "दिवस लहान झाल्याबिगर ती फुलत नाय, विलासराव. जरा सबर पाहिजे होता."

भांडले असते तर बरं झालं असतं. मी भाजी खाल्ली. माफी मागितली का? नाय. लाज होती, थोडा ताठाही होता. त्यांनी चिठ्ठी लिहून पुन्हा बिया मागवल्या, त्याच भिंतीला लावल्या. दरवर्षी पहिली शेंग माझ्या घरी. दरवर्षी मी खाल्ली. दरवर्षी गप्प बसलो.

परवा सलीमभाई गेले. काल मांडव घालताना कुणीतरी म्हणालं, हा वेल काढा, याला फूल नाय, शेंग नाय. मी आडवा उभा राहिलो. अजून दिवस मोठा आहे, बाबांनो.

सलीमभाई, माझं चुकलं. सगळ्यांसमोर सांगतो, माफ करा.

भाभी, पाणी मी घालीन. यंदाची पहिली शेंग मी तुमच्या दारात आणून देईन.

मंडळी, आता उभं राहू या. दोन मिनिटं कुणी बोलू नका. मीही सबर करतो.