दहा मिनिटांत दहा चिठ्ठ्या

औषधांच्या खिडकीसमोर ती आईच्या औषधांची चिठ्ठी घेऊन रांगेत उभी होती. तिच्या पुढे एक म्हातारं जोडपं आपसांत बोलत होतं. खिडकीतली मुलगी चिठ्ठीवर बोट ठेवून प्रत्येक ओळ दोनदा वाचत होती.

"अहो, किती रेंगाळतेय ही! माझ्या पायांचे तुकडे पडले."

"वाचू दे गं तिला."

"कॉलेजात औषधं द्यायला शिकवायचात, तेव्हा असं खपवून घेतलंत का कधी?"

"नाही ना. एक मुलगी होती. तिला वाचायला फार वेळ लागायचा. डॉक्टरांचा दाखला आणून तिनं परीक्षेत दुप्पट वेळ मागितला."

"मग?"

"मी म्हटलं, दहा मिनिटांत दहा चिठ्ठ्या, नियम म्हणजे नियम. तिच्या सहाच झाल्या. नापास."

"त्या सहांत चुका किती?"

"एकही नाही."

"आणि बाकीच्यांच्या?"

"दहाच्या दहा केल्या. कुणाच्या दोन चुकल्या, पण आठ बरोबर आल्या की पास होतं."

"अगंबाई! चुकीची गोळी देऊन पास?"

"हं."

"तिचं काय झालं पुढे?"

"कॉलेज सोडून गेली."

"द्यायचा होतात हो वेळ."

"मी तिला म्हटलं, बाई गं, रांगेतली माणसं तुझ्यासाठी थांबायची नाहीत."

"आपण अर्धा तास थांबलोच आहोत की."