कानडी टेबलावरचा डाव

हसणार असाल तर चहा आधी खाली ठेवा. मोबाईलवरच्या पोकरला बंदी यायच्या आधीची गोष्ट. महिन्याला शंभर रुपये हरायची परवानगी मला बायकोने दिली होती. जिंकायची वेळ कधी आली नाही, त्यामुळे त्याबद्दल नियम नव्हता.

त्या दिवशी शेवटचे चाळीस रुपये उरले होते आणि हातात आली दुर्री नि सत्ती, म्हणजे पोकरातली सगळ्यात रद्दी पानं. म्हटलं, सगळेच लावू, लोक घाबरून पत्ते टाकतील. दोघांनी टाकलेही. उरला एक. टेबलावर सगळे माईकवरून कानडीत बोलत होते, मीही ऑफिसातली कानडी झाडत होतो. तो गडी विचारात पडला. तेवढ्यात बायको आतून ओरडली, "आवो, चहा गार व्हायलाय!"

"थांब गं," मी मराठीत म्हणालो, "हातात काय न्हाय, नुसतं भ्या दाखवायलोय."

गड्याने लगेच चाळीस रुपये लावले, डाव उचलला आणि अस्सल निपाणीच्या मराठीत म्हणाला, "आप्पा, जावा आता, चहा घ्या."

मी भडकलो. "मराठी येतंय तर मघापास्नं कानडी कशाला बोलायलायस रं?"

"तुमी बोलत हुता म्हणून. म्हटलं, बिचाऱ्यांना मराठी येत नसंल."