हाकेला ओ

स्कॅनच्या खोलीबाहेर, दुखरं मनगट सांभाळत बसलेल्या शिक्षिकेला मागच्या बाकावरचं म्हातारं जोडपं दिसत नव्हतं. बोलणं मात्र ऐकू येत होतं.

"उद्या माझा वाढदिवस, आणि आज तुम्ही स्टुलावरून पडता!"

"बल्ब गेला होता गं."

"सकाळी नळ तुटला, दुपारी केक करपला, आता हे डोक्याचं!"

"केकपेक्षा डोकं बरं आहे."

"हसू नका. हाका मारल्या, तर ओ दिली नाहीत."

"ऐकू येत होतं. आवाज फुटेना."

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या.

"काकू, डोक्यात काही नाही. घरी न्या."

मागे पिशवी आवरल्याचा आवाज आला. शिक्षिकेने वळून पाहिलं नाही.

"उद्या काय देऊ तुला?"

"काही नको, मिळालं. आता खांदा धरा, आणि सावकाश उठा."