वरखाली बटणं

नातवाला पहिल्यांदाच थेरपीसाठी आत पाठवून बाकावर बसलेल्या आजींना शेजारच्या बाईचा स्वेटर पाहून राहवेना.

“अगं, बटणं वरखाली लागलीत तुझी.”

“माहितीये, आजी. लेकीनं लावलीत.”

“मग नीट करून घे की!”

“नको. नऊ वर्षांची आहे, पायाला नुसती भिंगरी. इथे थेरपीच्या ताई डफलीवर थाप देतात, तशी प्रत्येक थापेला ती एकेक बटण लावते. आज घरी मी ताटलीवर थाप देत बसले. अर्धा तास!”

“अर्धा तास उभी राहिली?”

“सहाही बटणं होईपर्यंत.”

“आणि ऑफिसात अशीच जाणार?”

“मिरवत जाणार!”

“माझ्या नातवाला अजून चमचाही धरता येत नाही गं.”

आजींचा हात हळूच त्या बटणांकडे गेला.

“राहू द्या ना, आजी.”

“काढत नाही गं. नुसतं हात लावून बघते.”