अ-आच्या मागची ओळ

हॅलो? … हॅलो, डॉक्टरांचा दवाखाना ना? … अगो अक्का, तूच काय! मी आत्माराम. बंदरावरून, बोटीच्या हापिसातून … होय, होय, बाजारातूनच आलो सरळ … अगो ऐक तर! मिळालं. तुझी अंकलिपी मिळाली!

… हॅलो? अक्का? … बरं, पूस डोळे. मी थांबतो.

… होय, तीच. पहिल्या पानावर आप्पांचं अक्षर. 'चि. यमू आजपासून शिकणार. कोणी अडवू नये.' … मला का ठाऊक नाही? आप्पांच्या हातचं दुसरं उरलंय काय आपल्याकडे? म्हणून तर तीन शनिवार त्या काशीराम रद्दीवाल्यापुढे उन्हात उकिडवा बसलो.

… सोपं कसलं! वाऱ्यानं उडू नये म्हणून प्रत्येक ढिगावर हा एवढा दगड. तो उचलायचा, खाली जुनी पंचांगं, कोर्टाचे कागद, कसर लागलेल्या पोथ्या … शिंकून शिंकून नाक लाल झालं माझं.

… आता कामाच्या राहीला कशाला बोलतेस? दसऱ्याची पूजा उतरल्यावर पाटावरची पुस्तकं पंच्यात बांधलीस तू. रद्दीही तसल्याच पंच्यात बांधलीस तू. दोन्ही गाठोडी पडवीत. हाताला लागलं ते दिलंन तिनं. … बरं बरं, नाही बोलत.

… पाठवू? … तिथंच घोडं अडलंय, अक्का. पुस्तक माझ्या हातात आहे, पण आपलं नाही. … अगो, विकलं गेलं होतं! काशीरामनं सांगितलंन कोणाला ते. भाट्ये गावची चिमा, मासळी विकते. नवरा धाकू, बोटीवर खलाशी. त्याची पत्रं येतात. दुकानातला माणूस वाचून दाखवतो, चारचौघांत, मोठ्यानं, हसत हसत. हिनं मान खाली घालून ऐकायचं. … तर काय! बायकोला लिहिलेलं पत्र ते! म्हणून घेतलंन पुस्तक.

… इथंच आहे, दाराशी. बोलावलं तर आली. घरचं असेल तर घ्या म्हणाली. … नाही गो, तोंड वाकडं करून नाही. पण बोटं सुटत नव्हती तिची पुस्तकावरून.

… ते मी आधीच म्हटलं. नवीन आणून देतो म्हटलं. तर म्हणते, नव्यात बाण नसतात. … अगो, आप्पांनी नाही का प्रत्येक अक्षराला लाल शाईनं बाण काढून दिलेत तुला? कुठून सुरू करायचं, कुठं वळायचं? त्यावरूनच गिरवते ती. शिकवायला दुसरं आहे कोण तिला?

… पहिलं पान फाडून? माझ्याही मनात आलं. पण उलटून बघितलं … मागे अ-आ आहे, अक्का.

… होय, त्याच पानाच्या पाठीला.

… काय? … तिच्याकडेच राहू दे म्हणतेस? नीट विचार कर हां. मागाहून मला बोलशील. … होय … होय, आप्पाच शिकवताहेत खरं. … दसऱ्याला? एकच दिवस, तुझ्या पाटावर? … खरंच की! पूजेला मांडलेलं पुस्तक त्या दिवशी उघडायचंच नसतं. तिचाही अभ्यास बुडत नाही. थांब, विचारतो.

… हॅलो. आणीन म्हणते. दर दसऱ्याला स्वतः घेऊन येईन म्हणते. … पुस्तक? पदराखाली गेलंसुद्धा!

… होय, तेही विचारलं. म्हटलं, पहिल्या पानावर काय लिहिलंय ते वाचून दाखवू काय? … नको म्हणाली. आजवर सगळं दुसऱ्यानंच वाचून दाखवलंन, म्हणाली. हे माझं मी वाचीन.

… होय. ठेवतो.